प्रॉम्प्टरसारखं वाचा

ताई,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं औषधांचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी वाचते. चार वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात नाटकांचा एक खण सापडला आणि कादंबऱ्या मागे पडल्या. आतापर्यंत पन्नासेक नाटकं वाचली असतील. पाहिलेली मात्र तीनच, त्यातली दोन गॅदरिंगची.

या दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेले होते. मी तीनदा वाचलेल्या एका नाटकाचा प्रयोग लागला होता, भाच्याने तिकिटं काढली. ताई, मला ते आवडलं नाही. माझ्या मनातली बाई सावकाश बोलायची, ही भरभर बोलत होती. वाचताना जिथे मला रडू आलं होतं, तिथे लोक हसले. भाचा कॉलेजात नाटकं करतो. येताना तो म्हणाला, "मामी, नाटक वाचायचं नसतंच. संहिता म्हणजे नकाशा. नकाशा वाचून कुणी काशीला जाऊन येत नाही." तेव्हापासून पुस्तक उघडलं की हेच आठवतं.

आम्ही पाच जणींनी महिन्याला एक नाटक मिळून वाचायचं ठरवलं होतं. त्यात माझ्या मैत्रिणीच्या सत्तरीच्या सासूबाईही आहेत. आता मीच मागे सरले आहे. माझं वाचणं अर्धवट आहे का? सोडून द्यावं का? आणि फोनवर नाटकं मिळतात, ती पाहिली तर चालेल का?

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

वाचणं सोडू नका. पाच जणींचं वाचन तर याच महिन्यात सुरू करा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही निवांत वाचाल.

मी बारा वर्षं एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट वाक्य विसरला की रंगमंचाच्या बाजूच्या विंगेतून ते हळूच द्यायचं काम. विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून रुमाल गुंडाळलेली बॅटरी. एक डोळा कागदावर, दुसरा रंगमंचावर. नाटक वाचणं आणि नाटक पाहणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारं माणूस नाटकात एकच असतं, ते म्हणजे प्रॉम्प्टर. त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

स्पर्धेच्या एका प्रयोगात माझ्या हातून चूक झाली. नाटकातल्या बाईच्या हाती नवऱ्याचं पत्र येतं, ती ते वाचते, आणि मग संहितेत कंसात एकच शब्द होता : (थांबते). तालमीत ती दोन-तीन सेकंद थांबायची. प्रयोगात ती थांबली ती थांबलीच. मला वाटलं, वाक्य विसरली. मी विंगेतून वाक्य दिलं. माझा आवाज पहिल्या दोन रांगांपर्यंत गेला. ती विसरली नव्हती. समोरच्या माणसांनी श्वास रोखून धरलाय हे तिला कळलं होतं आणि तो श्वास सांभाळत ती उभी होती. तो मी मोडला. प्रयोगानंतर ती मला एका शब्दाने बोलली नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते मनातून गेलेलं नाही.

पण नाटक वाचायचं कसं, हे मला त्या रात्री कळलं. ‘थांबते’ हा शब्द डोळ्यांखालून जायला अर्धा सेकंदही लागत नाही. रंगमंचावर तो शब्द नऊ सेकंदांचा होऊ शकतो, आणि नवव्या सेकंदाला त्यात जे असतं ते पहिल्या सेकंदाला नसतं. पुस्तक वाचताना वेळ आपल्या हातात असतो. आपण हवं तिथे रेंगाळतो, नको तिथे पान उलटतो, गिऱ्हाईक आलं की खूण घालून उठतो. नाट्यगृहात दिवे गेले की तो वेळ आपण नटांच्या हवाली करतो. तुमच्या मनातली सावकाश बोलणारी बाई आणि पुण्यातली भरभर बोलणारी बाई यांच्यातलं भांडण मुळात या वेळेवरून आहे.

हे एका नाटकावरून सांगते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तुमच्या वाचनालयात असणारच. विजय तेंडुलकरांचं हे नाटक रंगायन या नाट्यसंस्थेने १९६७ साली राज्य नाट्य स्पर्धेत केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एका गावात प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला मांडतात, बेणारेला आरोपी करतात आणि खेळता खेळता तिचं खरं आयुष्य चव्हाट्यावर आणतात. आता तिसरा अंक उघडा आणि बेणारेची वाक्यं बोटाने शोधत जा. पानंच्या पानं ती गप्प आहे. साक्षीदार येतात, वकील झालेले सुखात्मे बोलतात, न्यायाधीश झालेले काशीकर बोलतात, आणि वाचणारा बोलणाऱ्यांच्या मागे जातो. दहा मिनिटांनी आपल्या लक्षात येतं की आपण बेणारेला विसरलोय. कागदावर जो बोलत नाही तो दिसत नाही, इतकं साधं आहे हे. नाट्यगृहात मात्र ती त्या पिंजऱ्यात समोर असते. कुणी काहीही बोललं तरी आपली नजर तिच्यावर जाते. म्हणजे तिसऱ्या अंकातली सगळ्यात मोठी भूमिका जवळजवळ शब्दांशिवाय लिहिलेली आहे आणि नुसत्या वाचनात तीच निसटते. इथे तुमचा भाचा बरोबर आहे.

पण त्याच अंकात पुढे काय होतं पाहा. काशीकर घड्याळ समोर धरून आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. मग बेणारेचं ते लांबलचक स्वगत येतं. तिचं शरीर, तिचं मन, तिच्या शाळेतली मुलं, पोटातलं बाळ, सगळं त्यात आहे. बाकीची पात्रं तेवढा वेळ जागच्या जागी गोठलेली. आणि ते संपल्यावर काशीकर काय म्हणतात? वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. मी हे नाटक तीन वेगवेगळ्या संस्थांचं पाहिलं. तिन्ही वेळा स्वगत ऐकताना इतकी हलून गेले की ते दहा सेकंद माझ्या लक्षातच राहिले नाहीत. पुढे एकदा निवांत वाचताना मी मागे गेले, पान उलटून पुन्हा पाहिलं, आणि मग अंगावर काटा आला. ते सगळं त्या दहा सेकंदांत झालं आहे. कोर्टाने काहीच ऐकलेलं नाही. ती एक शब्दही बोललेली नाही. हे मला पुस्तकाने दिलं, कारण पुस्तकात मागे जाता येतं.

भाच्याला हे वाचून दाखवा, वाद म्हणून नको. तो नाटक करतो, त्याला हे आवडेल. आणि आणखी एक गोष्ट त्याला सांगा. तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि ओळीने उभ्या माणसांचा तो डोलणारा पडदा. हे नाटक कागदावर वाचलं तर निम्मंच हाती लागतं, हे मी कबूल करते. ताल गेला की ओळी पोकळ वाटतात. पण १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेतच वाद होऊन ते थांबलं, आणि थिएटर अकादमी स्थापन होऊन पुन्हा प्रयोग सुरू होईपर्यंत नाटक होतं ते कागदावरच. प्रयोग थांबतात. नट म्हातारे होतात, संस्था बंद पडतात. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटकं चंद्रकांत कुलकर्णींनी आविष्कार या संस्थेतर्फे १९९४ मध्ये सलग केली होती, सुमारे नऊ तासांचा प्रयोग. ते नऊ तास अनुभवलेली माणसं किती असणार? ‘वाडा’ आणि ‘मग्न तळ्याकाठी’ पुढे पुन्हा रंगभूमीवर आली तरी तो नऊ तासांचा दिवस काही परत येत नाही. तुमच्या दुपारी मात्र ती तीन नाटकं तुम्ही एका आठवड्यात ओळीने वाचू शकता. धरणगावचा तो वाडा तीन नाटकांत कसा ढासळत जातो ते बघू शकता. ‘वाडा’ वाचताना चंदूवर लक्ष ठेवा. घरातली सगळी कष्टाची कामं तोच करतो आणि बोलतो सगळ्यांत कमी. आणि रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते ते पान आलं की पुस्तक मिटून एक मिनिट नुसतं बसा. तिथे शब्दांपेक्षा सोन्याचं वजन महत्त्वाचं आहे.

म्हणून माझं एकच सांगणं आहे : प्रॉम्प्टरसारखं वाचा. प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला एका चिठ्ठीवर रंगमंचावर असलेल्या सगळ्या पात्रांची नावं लिहा. एखादं पात्र आत गेलं की नावावर काट मारा. ज्याचं नाव चिठ्ठीवर आहे पण बराच वेळ बोललेलं नाही, त्याच्याकडे मान वळवून बघा. ते काय करत असेल? तुमच्या दुकानात चार माणसं उभी असतात, बोलतो एकच, पण बाकीच्या तिघांकडे तुमचं लक्ष असतंच ना? तसंच हे. कंसातले शब्द ओलांडून जाऊ नका, तिथे खरंच थांबा. आणि पहिल्या पानांवर पहिल्या प्रयोगाची तारीख, ठिकाण, नटांची नावं छापलेली असतात, ती आधी वाचा. मराठी नाटकाच्या पुस्तकांची ही फार चांगली पद्धत आहे. बरीच नाटकं प्रयोगानंतर छापली जातात, त्यामुळे रंगसूचनांमध्ये, म्हणजे त्या कंसातल्या शब्दांमध्ये, पुष्कळदा त्या पहिल्या प्रयोगाचे ठसे उरलेले असतात.

आता पुण्यातल्या निराशेबद्दल. तुम्ही तीनदा ते नाटक वाचलं, म्हणजे मनात तीनदा बसवलं. नेपथ्य तुमचं, आवाज तुमचा, गती तुमची. त्या संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं नाटक पाहायला गेलात. वाईट वाटणारच. ती नटी कदाचित खरंच चुकीची घाई करत असेल. हे होतं, दौऱ्याचे प्रयोग करून करून वाक्यं गुळगुळीत होतात. तुम्हाला खटकलं ते खटकलंच, ‘मला नाटकातलं कळत नाही’ म्हणून ते मागे घेऊ नका. पन्नास नाटकं वाचलेल्या बाईला गती कळते.

हसू मात्र वेगळं आहे. त्यावर मी तुम्हाला पुन्हा विचार करायला सांगेन. जिथे तुम्ही रडलात तिथे लोक हसले, याची दोन-तीन कारणं असू शकतात. कधी नट हशा ओढून घेतो, ते वाईट. कधी वाक्य इतकं जिव्हारी लागतं की नाट्यगृहाला ते सोसत नाही आणि ते हसून घेतं. आणि कधी नाटककाराने ते वाक्य खरोखर दुधारी लिहिलेलं असतं, आपण एकटं वाचताना एकच धार पाहिलेली असते. घरी ते पान पुन्हा काढा आणि मोठ्याने वाचा, दोन्ही तऱ्हांनी. तुमच्या बाबतीत यातलं कोणतं खरं आहे ते तुम्हालाच ठरवता येईल. पण ते वाक्य शेकडो माणसांत बसून ऐकलं नसतं तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता. नाट्यगृहात जाण्याचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पुढच्या वेळी प्रयोग पाहून आल्यावर एक रात्र तुलना करू नका. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडा आणि संहितेत नसलेल्या, नटांनी केलेल्या तीन गोष्टी पेन्सिलीने समासात लिहा. आवडल्या नसल्या तरी लिहा.

आधी वाचावं की आधी पाहावं? अगदी नवं नाटक असेल आणि पाहायची संधी असेल तर मी आधी पाहते, मग पुस्तक मिळालं तर वाचते. भाषा दाट असेल, जुने संदर्भ असतील, तर आधी वाचून जाते. तुमच्या गावातून निवडीला वाव नाही, म्हणून जे मिळेल ते आधी.

आजच्या नाटकांकडे या, कारण वाचनालयाच्या खणात ती कमी असतील. प्राजक्त देशमुखांचं ‘देवबाभळी’ मागवून घ्या. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, दोघीच. या नाटकाच्या पुस्तकाला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आहे, म्हणजे नाटक वाचायचं असतं हे निदान अकादमीने तरी मान्य केलं आहे! यातल्या ओव्या-अभंग डोळ्यांनी वाचून काही हाती लागणार नाही. पण तुमच्या मंडळात सत्तरीच्या सासूबाई आहेत. जात्यावरच्या ओव्या त्यांना येत असतील तर ती पानं त्यांच्या हाती द्या, त्यांना जी चाल सुचेल ती लावू द्या. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’चंही तसंच. मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात. कीर्तन कानात असलेल्या माणसाने ते मोठ्याने वाचलं तर उभं राहतं, मनातल्या मनात वाचलं तर आडवंच राहतं.

नाशिकच्या दत्ता पाटलांचं ‘हंडाभर चांदण्या’ हे पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावाचं नाटक आहे. टँकरची वाट पाहणं म्हणजे काय हे तुमच्या भागातल्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला त्यासाठी दोन तास खुर्चीत बसावं लागतं. तुम्ही ते आधीपासून घेऊन आलेल्या आहात. आणि ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिणारे राजकुमार तांगडे तुमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले आहेत. ती भाषा तुमच्या तोंडात आहे. मी कितीही सराव केला तरी माझ्याकडून ती तशी वाचली जाणार नाही.

फोनवरचं थोडक्यात. प्रयोग मिळतच नसेल तर पाहा, पण अधिकृतपणे टाकलेलं असेल ते. एवढं लक्षात ठेवा, की कुठे बघायचं हे तिथे कॅमेरा ठरवतो. बोलणाऱ्याचा चेहरा मोठा होतो आणि गप्प बसलेली बेणारे पुन्हा चौकटीबाहेर जाते. म्हणजे पुस्तकाचा तोटा इथेही आहेच, आणि मागे जाण्याची सोय असली तरी फोनवर तसं मागे जाऊन कुणी रेंगाळत नाही. माझ्या लेखी पुस्तक वर, फोन खाली. आवाज आणि चाल ऐकण्यापुरता फोन उत्तम.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी एक वाट आहे जी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी परभणी, नांदेड अशा केंद्रांवर होत आली आहे. साधारण दिवाळीनंतर वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर वेळापत्रक येतं. तिकीट अगदी नाममात्र असतं. रोज एक नाटक, लागोपाठ कितीतरी दिवस. सगळी चांगली नसतात, काही फारच कच्ची असतात. पण त्यातली काही नाटकं आधी वाचून, दोन-तीन संध्याकाळी पाचही जणी जाऊन बसलात, तर वाचलेलं आणि केलेलं यातलं अंतर वर्षभराच्या वाचनापेक्षा जास्त कळेल. कच्च्या प्रयोगात ते अंतर आणखी स्पष्ट दिसतं, हा माझा अनुभव आहे. परतीच्या गाडीची सोय आधी करून ठेवा.

आता तुमचं मंडळ. पहिलं नाटक ‘शांतता!’च घ्या. आठ मुख्य पात्रं, तुम्ही पाच जणी. बेणारे जिच्याकडे जाईल तिला दुसरं काही देऊ नका. काशीकर आणि सुखात्मे एकीच्याच वाट्याला येऊ देऊ नका, ते दोघं एकमेकांशी सतत बोलतात. पुरुषांची वाक्यं वाचताना आवाज जाड करायचा नाही, वाक्यातच पुरुष आहे. पाचवी जण फक्त रंगसूचना वाचेल. हे दुय्यम काम समजून कुणाच्या गळ्यात मारू नका. रंगसूचना वाचणारीच तुमची प्रकाशयोजना, नेपथ्य आणि शांतता. सगळ्यांनी गोलात बसा. एका बैठकीत एक अंक पुरे. चहा अंक संपल्यावर, मध्ये नाही.

घरच्या घरी असं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे हुरूप येऊन सभागृहात, लोकांना बोलावून वाचन करावंसं वाटलं तर मात्र आधी नाटककाराची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या आणि ठरेल ते मानधन द्या. खऱ्या प्रयोगापर्यंत गेलात तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, तीही आधी.

तिसऱ्या अंकाच्या दिवशी दोन गोष्टी करा. बेणारे वाचणारी बाई गोलातून उठून मध्ये एका खुर्चीत बसू दे, वाक्य नसलं तरी बसू दे. बाकीच्या चौघींना वाचताना ती सतत दिसली पाहिजे. आणि दुकानातलं सेकंदकाटा असलेलं घड्याळ त्या दिवशी घरी न्या. काशीकर दहा सेकंद देतात तिथे कुणीही पुढचं वाचू नका. घड्याळ समोर धरा आणि पूर्ण दहा सेकंद गप्प बसा. मग तिला बोलू द्या.